मुक्ताची हजेरी सुधारण्यात येते

काशीत मंगला गौरीच्या गल्लीत राहणारी मुक्ता ही मुलगी रोज शाळेत जात असे. बाब गंभीर होती, परंतु ती कोणाच्याही निदर्शनास आलेली नव्हती. मुलगी सकाळी दप्तर घेऊन निघायची, गल्लीत बसलेल्या गायीला वळसा घालून शाळेत पोचायची, पहिल्या बाकावर बसायची आणि दुपारी घरी यायची. हे पहिलीपासून असंच चाललेलं होतं आणि त्यासाठी कुठलीही योजना राबवण्यात आलेली नव्हती. तिची आई आनंदी हिला तर शाळेत जाण्यात राबवण्यासारखं काही असतं, हेच माहीत नव्हतं.

आनंदी त्याच गल्लीतल्या नरहरकाकांच्या भोजनालयात स्वयंपाक करायची. काशीला येणाऱ्या मराठी यात्रेकरूला गंगास्नानाने पुण्य मिळतं, पण पोट भरायला गोडी आमटी आणि मऊ पोळीच लागते, म्हणून भोजनालय बरं चालत होतं. नवरा सुरतेला कुठल्याशा कारखान्यात होता आणि सणावाराला फोन करायचा. आनंदीची स्वतःची शाळा आठवीत सुटली होती, ती सुटली ती थेट चुलीपाशी. त्यामुळे मुलीला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू द्यायचा नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. मुक्ता इंटरला, म्हणजे बारावीला गेली तरी तिला कणीक मळता येत नव्हती, आणि आनंदी हे शेजारणींना अशा थाटात सांगायची, जणू पोरीने पदकच मिळवलंय. नातेवाईक नावं ठेवायचे. ठेवोत बापडे. इंटर झाली की मुलीला नर्सिंगला घालायचं ठरलेलं होतं.

अशात त्रिपथा युवा न्यास वाराणसीत अवतरला. वंचित युवकांना कला, शालेय उपस्थिती आणि कामातून शिक्षण अशा तीन वाटांनी वर आणणं, हे न्यासाचं ध्येय होतं. प्रकल्प-संचालिका मालविका मॅडम मूळच्या नागपूरच्या. यजमानांची रेल्वेत बदली झाली म्हणून त्या काशीत आल्या आणि त्यांच्यामागोमाग समाजकार्यही आलं. बाई मनाने अजिबात वाईट नव्हत्या. हे आत्ताच सांगितलेलं बरं, कारण पुढे ते लक्षात ठेवणं जड जाईल.

पहिलं काम म्हणजे शाळेत न येणाऱ्या मुलांची पाहणी. ती शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून शाळेतच, वर्गात, ऐन तासाच्या वेळी करण्यात आली. शाळेत न येणारी मुलं त्या वेळी शाळेत नव्हती. कुणी नदीपलीकडे रामनगरला पुलाच्या तोंडाशी भाजी लावून बसलं होतं, कुणी नाव वल्हवत होतं. त्यांची नोंद नियमाप्रमाणे ‘अनुपलब्ध’ अशी करण्यात आली. मग उपलब्ध मुलांतूनच लाभार्थी निवडणं भाग होतं, आणि मुक्ता तर पहिल्याच बाकावर उपलब्ध होती.

मालविका मॅडम घरी आल्या. आनंदीने सतरंजी घातली, चहा ठेवला.

“आनंदीताई, तुम्ही वंचित आहात याची तुम्हाला जाणीव आहे का?” मॅडमनी विचारलं.

“नाही बाई. कुणी बोललं नव्हतं.”

“तेच तर. जाणीव नसणं हे वंचिततेचं पहिलं लक्षण.”

पुढे प्रश्न सुरू झाले. नवरा परगावी, आई दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, घरात मराठी आणि शाळेत हिंदी. प्रत्येक उत्तराबरोबर मॅडमचा चेहरा उजळत होता. आपली परिस्थिती कुणाला इतकी आवडेल, असं आनंदीला कधी वाटलं नव्हतं.

“आणि मुक्ता, महिन्यातून शाळा साधारण किती बुडते?”

“बुडत नाही. मतलब, मी रोज जाते.”

मॅडमचं पेन थांबलं. “रोज?”

“इतवार छोडके.”

“ताई, ही मोठीच अडचण आहे,” मॅडम आनंदीकडे वळून म्हणाल्या. “हजेरी पूर्ण असेल तर सुधारणेला वाव राहत नाही. मग वर्षाअखेरीला आम्ही सुधारणा दाखवायची कुठून?”

आनंदीला ओशाळल्यासारखं झालं. पाहुणीपुढे अळणी भाजी वाढल्यासारखंच ते. “आजारीबिजारी पडते की मधूनअधून,” ती मुलीची बाजू सावरत म्हणाली. “लहानपणी गोवर झाला होता.”

“असू दे. आपण कलेपासून सुरुवात करू,” मॅडम म्हणाल्या. “हजेरीचं होईल आपोआप.”

हजेरीचं खरोखरच आपोआप झालं. न्यासाने पथनाट्य बसवायला घेतलं. विषय होता, रोज शाळेत जा. दिग्दर्शक दिल्लीहून आले होते आणि संध्याकाळी त्यांना गंगेची आरती पाहायची असे, त्यामुळे तालमी शाळेच्या वेळातच घ्याव्या लागल्या. रोज शाळेत जाणाऱ्या मुलीची भूमिका मुक्ताला मिळाली, कारण तिच्या चेहऱ्यावर ती बात दिसते असं दिग्दर्शकांचं मत पडलं. ही भूमिका नीट वठावी म्हणून तिने शाळेत जाणं बंद केलं.

नाटकात मराठी घराचा रंग यावा म्हणून दिग्दर्शकांनी आनंदीकडे जात्यावरच्या ओव्या मागितल्या.

“आमच्याकडे मिक्सर आहे,” आनंदी म्हणाली.

दिग्दर्शकांना फार वाईट वाटलं. शेवटी त्यांनी स्वतःच एक ओवी लिहिली आणि ती पारंपरिक आहे असं जाहीर केलं.

प्रयोग सुरू झाले. शिंदे घाटावर झाले, रामनगरच्या बाजारात झाले, आणि शहरातल्या निरनिराळ्या शाळांमध्ये तर फारच झाले. दुसऱ्यांच्या शाळेत जाऊन मुक्ता मुलांना कळकळीने सांगायची की, भावांनो, बहिणींनो, आपली शाळा बुडवू नका. तिच्या स्वतःच्या वर्गात तिचं नाव पुकारलं जाई तेव्हा ती नदीपलीकडे टाळ्या घेत असे. घरी आल्यावर डोळे चमकवत सांगायची, “आई, आज मी असा डायलॉग बोलली ना, एक नाववाला रोने लगा.”

आनंदी एकदा काम टाकून शिंदे घाटावर गेली आणि पायऱ्यांवरच्या गर्दीत मागे उभी राहिली. पोरीचा आवाज पार पाण्यापर्यंत पोचत होता. आपल्या पोटची मुलगी इतक्या माणसांसमोर मान वर करून बोलते, हे पाहून आनंदीला रडू आलं, आणि ते आनंदाचंच होतं. पदराने डोळे पुसता पुसता तिच्या मनात आलं की आज बायोचा तास असतो.

तिने मॅडमना गाठलं. “मॅडम, शाळा बुडतेय हो तिची.”

“बुडत नाहीये, ताई. ती शाळा बाहेर घेऊन जातेय,” मॅडम म्हणाल्या. वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते लगेच फोनमध्ये टिपून ठेवलं.

सहामाहीला आलेख तयार झाला. मुक्ताची हजेरी निम्म्याच्या खाली घसरली होती. मॅडमनी आलेख हातात धरला आणि पहिल्यांदाच त्यांच्या मनातली धाकधूक गेली. आता ही मुलगी प्रकल्पात शोभत होती. नियमानुसार तिला तात्काळ उपस्थिती समुपदेशन लागू झालं. समुपदेशिका शहरातल्या लंका या भागात न्यासाच्या कार्यालयात बसत. वेळ सकाळची, शाळेचीच, कारण मुलं त्या वेळी मोकळी असतात असं कुणीतरी ठरवलं होतं.

“मुक्ता, मोकळेपणाने सांग,” समुपदेशिकेने मायेने विचारलं. “तू आज शाळेत का गेली नाहीस?”

“क्योंकि मी इथं आहे.”

समुपदेशिकेने ‘विद्यार्थिनी मूळ कारण सांगणे टाळते’ असा शेरा मारला आणि बैठका वाढवल्या. बैठका वाढल्या तशी हजेरी आणखी खाली गेली, आणि हजेरी खाली गेली तशी बैठकांची गरज अधिकच स्पष्ट झाली. थंडी सुरू होईपर्यंत मुक्ता कागदोपत्री ‘शाळा सुटण्याच्या बेतात’ या वर्गवारीत दाखल झाली होती. आता तिसरी वाट उघडली.

मालविका मॅडम पुन्हा सतरंजीवर बसल्या. “शाळा सुटण्याच्या बेतात असलेल्या मुलींना न्यास कामाशी जोडतो. आणि वरून सूचना आलीय, ते काम घरच्या वारशातलं असावं. विणकराच्या मुलीला माग, नावाड्याच्या मुलीला नाव.”

“आणि माझ्या मुलीला?”

“पुरणपोळी.”

आनंदीने मॅडमपुढचा कप उचलून घेतला. मग म्हणाली, “मॅडम, ते शिकवायला न्यास कशाला? मी ते न शिकवण्यात जन्म घातलाय.”

“तुमची भावना मी समजू शकते, ताई. पण तुम्ही प्रकल्प मध्येच सोडलात तर मुक्ताचं नाव गळतीत लागेल. आणि पूर्ण केलात तर न्यास शाळेला पत्र देईल. हजेरी कमी भरली तरी अशा पत्रावर परीक्षेला बसू देतात.”

परीक्षा हा शब्द ऐकल्यावर आनंदीपुढे इलाज उरला नाही. मुक्ताने इंटरला बसायचं, तर त्या पत्रासाठी आधी चुलीपाशी बसायला हवं होतं. आनंदीची नेमणूक ‘उद्योग-मार्गदर्शक’ या पदावर झाली. गळ्यात घालायला पट्टी आणि नाव छापलेलं कार्ड मिळालं. ते सारखं परातीत लोंबायचं, म्हणून ती ते पाठीवर टाकून काम करायची. फुकटचे दोन हात मिळाल्याने नरहरकाका न्यासाचं तोंड भरून कौतुक करू लागले.

मुलीच्या हाताला धरून आनंदीने तिला कणीक तिंबायला शिकवलं. तेलपाण्यात सैल कशी करायची, पुरण भरून कडा कशा मिटायच्या, सगळं सांगितलं. मनातून ती देवाला विनवत होती की पोरीला हे जमू नये. पण दुसऱ्याच आठवड्यात मुक्ताने लाटलेली पोळी न फाटता तव्यावर गेली आणि टम्म फुगली.

“आई, हे तर इजी आहे,” मुक्ता हसत म्हणाली.

भोजनालयातल्या सगळ्यांनी वाखाणणी केली.  आनंदीला मुलीचा अभिमानही वाटला आणि त्या अभिमानाची भीतीही वाटली, दोन्ही एकाच वेळी.

महिन्याचं मूल्यमापन मार्गदर्शकानेच करायचं होतं. आनंदीने विचार केला आणि सगळ्या रकान्यांत ‘येत नाही’ असं लिहिलं. तिला वाटलं, नापास झाली तर सोडतील. मालविका मॅडमनी ते हळहळत परत पाठवलं. शिकाऊ उमेदवार कच्चा असेल तर प्रशिक्षणाची मुदत वाढवण्याची तरतूद होती. मुदत वाढू नये म्हणून आनंदीने त्याच रकान्यांत ‘उत्तम’ लिहिलं, आणि ते खरंच होतं.

पत्र मिळालं. जाड कागद, वर न्यासाची मुद्रा, खाली मालविका मॅडमची सही. आनंदी ते पिशवीत घालून शाळेत गेली. मुख्याध्यापिका प्रभावती बहनजींच्या खुर्चीमागे पथनाट्याचं मोठं छायाचित्र लावलेलं होतं, त्यात मुक्ता हात उंचावून उभी होती. बहनजींनी आनंदीला खुर्ची दिली. मुलीमुळे शाळेचं नाव झालं, म्हणून त्या खूश होत्या. मग त्यांनी पत्र वाचलं.

“इसमें तो लिखा है कि छात्रा शत-प्रतिशत उपस्थित रही.”

“जी. प्रकल्प में.”

“देखिए, माफी अनुपस्थिति की होती है. जो उपस्थित है, उसे किस बात की माफी दें?”

“पर आपके यहाँ तो वो अनुपस्थित है ना, बहनजी?”

“हाँ, बिलकुल. इसीलिए तो परीक्षा में नहीं बैठ सकती.”

आनंदी तशीच लंकेवर गेली. “मॅडम, एवढं एक करा. मुक्ता गैरहजर होती आणि ती तुमच्यामुळे गैरहजर होती, असं लिहून द्या.”

मालविका मॅडमचा चेहरा उतरला. “ताई, कसं लिहू? उपस्थितीच्या प्रकल्पातली मुलगी गैरहजर होती असं लिहिलं तर प्रकल्पच खोटा ठरतो. आणि प्रकल्प खोटा ठरला तर त्याच्या पत्राला विचारतो कोण?”

यात चूक कुठे आहे ते आनंदीला सापडेना. तिला संताप आला होता, आणि तो काढायचा कुणावर ते समजत नव्हतं, कारण समोरची बाई खरोखरच रडवेली झाली होती. शेवटी आनंदीनेच तिला पाणी दिलं.

परीक्षा सुरू झाली. मुक्ताच्या वर्गातल्या मुली केंद्रावर गेल्या आणि मुक्ता पुरण वाटायला बसली. त्याच आठवड्यात न्यासाचा वार्षिक अहवाल निघाला. कला या वाटेवर मुक्ता चमकली होती. उपस्थिती पूर्ण भरली होती. काम मिळालं होतं. तिन्ही वाटांवर एकाच वेळी यशस्वी झालेली ती एकमेव लाभार्थी असल्यामुळे तिला ‘उपस्थिती-दूत’ हा किताब देण्यात आला, शिवाय शाल. मालविका मॅडमच्या यजमानांची पुढे बदली झाली आणि त्या एका अधिक वंचित शहराकडे रवाना झाल्या.

आनंदी मात्र हटली नाही. तिने मुक्ताला खाजगी विद्यार्थिनी म्हणून पुढच्या वर्षीच्या परीक्षेचा फॉर्म भरायला लावला. मुक्ता आता भोजनालयात कायमची होती. दुपारची पंगत उठली की ती गच्चीवर बायोचं पुस्तक घेऊन बसायची. “ह्या साली मी इंटर निकाल के रहूँगी, आई, बघ तू,” असं म्हणायची, आणि तिचा अभ्यासही चांगला चालला होता. नर्सिंगच्या कॉलेजात आनंदी स्वतः जाऊन चौकशी करून आली. मधल्या काळात नरहरकाकांनी दारावर मोठा फलक लावला होता. ‘वंचित कन्यांच्या हातचे सात्त्विक भोजन’ असं वर लिहिलेलं, खाली मुक्ताचा फोटो आणि न्यासाला देणगीसाठी स्कॅन करायचा चौकोन. गिऱ्हाईक वाढलं. यात्रा-सहलींचे एजंट लोक आपल्या पत्रकात भोजनालयाचं नाव छापू लागले.

आणि इथे तुमचा संबंध येतो.

फेब्रुवारीत तुम्ही काशीला गेला होतात. सोबत भिशीच्या मैत्रिणी होत्या, किंवा ऑफिसातले मित्र, किंवा साठी उलटलेली भावंडं. पत्रकात दोन जेवणांची सोय होती, एक हॉटेलात आणि एक या भोजनालयात. तुम्ही संवेदनशील आहात. तुम्हीच सगळ्यांना म्हणालात, हॉटेलात काय नेहमीच जेवतो, त्यापेक्षा या मुलींना हातभार लागेल. सगळ्यांना ते पटलं. अकराची पंगत ठरली.

बायोचा पेपर त्याच दिवशी दुपारी दोनला होता. मुक्ताने सुट्टी मागितली, तेव्हा नरहरकाका म्हणाले, “मंडळी खास तुझ्यासाठी येतायत गं. अकराला वाढ, बाराला मोकळी हो. तुला कोण अडवतंय?” खरंच कुणी अडवत नव्हतं. साडेदहापासून पुरण तयार होतं. प्रवेशपत्र आणि दोन पेनं आनंदीने स्वतःच्या पिशवीत सांभाळून ठेवली होती.

तुम्ही नाव केलीत. नाव रामनगरपर्यंत गेली, समोर किल्ला दिसला, आलोच आहोत तर बघून घेऊ असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणालं. मग मलईदार लस्सी झाली. गल्लीत पोचायला तुम्हाला एक वाजून गेला. आनंदीने तोवर मुलीला दाराबाहेर काढलं होतं. “मी एकटी वाढते, तू पळ,” प्रवेशपत्र आणि पेनं तिच्या हातात देत ती म्हणाली. मुक्ता गल्लीच्या तोंडापर्यंत पोचलीही होती.

हात धुता धुता तुम्ही फलकाकडे पाहिलंत आणि विचारलंत, “ही मुलगी कुठाय? तिला भेटायचं होतं.”

गिऱ्हाइकाला नाही म्हणणं नरहरकाकांच्या स्वभावात नाही. त्यांनी फोन लावून तिला परत बोलावून घेतलं. एकच फोटो, एवढंच म्हणाले. मुक्ता धापा टाकत आली आणि प्रवेशपत्र आईकडे देऊन उभी राहिली. फोटो एकच होणार होता, पण तो प्रत्येकाला आपापल्या फोनमध्ये हवा होता, आणि तुमच्यातल्या सुमनमावशींचे डोळे मिटले म्हणून त्यांचा पुन्हा काढावा लागला. आनंदी प्रवेशपत्र हातात घेऊन दारात उभी होती. ती कोण, हे तुम्ही विचारलं नाहीत. तुम्हाला वाटलं, तीही फोटोसाठीच थांबलीय.

“शिकतेस ना गं?” तुम्ही मुक्ताच्या पाठीवरून हात फिरवत विचारलंत.

“हो.”

“शाब्बास. काही झालं तरी शिक्षण सोडायचं नाही.”

 तुम्ही तिथल्या तिथे चौकोन स्कॅन करून न्यासाला देणगी दिलीत, पानावर बसलात, आणि पहिली पोळी तरी तिच्याच हातची वाढू दे म्हणालात. तिने ती तुपासकट वाढली. परीक्षाकेंद्राचं फाटक बंद झालं, तेव्हा तुम्ही नको नको म्हणत आणखी दोन घेत होतात.